आमच्या तालुक्याचा मदरबोर्ड विकी



संगणकाच्या पुस्तकात मदरबोर्डला फार तर चार ओळी मिळतात. शेजारी एक चित्र, त्यावर बाण, 'खालील भागांना नावे द्या' आणि दोन गुण. वर्गात आपणही तिथं फार थांबत नाही. पण जुने संगणक वापरात ठेवायचे की भंगारात घालायचे हा प्रश्न समोर आला, की उत्तर त्याच हिरव्या-निळ्या पाटीवर असतं. ही उत्तरं एकत्र लिहून ठेवायचा उद्योग आम्ही काही शिक्षकांनी आणि बऱ्याचशा मुलांनी केला. त्याविषयी आज लिहिते आहे.

आमचा भाग सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडचा. धूळ भरपूर, वीज लहरी. आमच्या शाळेच्या संगणक कक्षात ११ मशीन आहेत, पण एकाचं दुसऱ्याशी जमत नाही. काही सरकारी योजनेतून आलेली, काही माजी विद्यार्थ्यांनी दिलेली, दोन एका बँकेच्या शाखेतून उतरलेली. शेजारच्या गावांतल्या शाळांचीही हीच परिस्थिती. विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार हे कळलं, तसा प्रत्येक शाळेत निर्लेखनाचा विषय निघाला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आमच्या ११ पैकी एकही त्यात बसत नव्हता. म्हणजे कागदावर सगळेच भंगार. नवे कधी येणार ते कोणी सांगू शकत नव्हतं, आणि आमच्याकडं ज्या मुलांच्या घरी कॉम्प्युटर आहे त्यांची संख्या दोन हातांच्या बोटांवर मोजता येते. कक्षाला कुलूप लागलं असतं तर बाकीच्यांनी कीबोर्ड पाहिला असता तो थेट महाविद्यालयात.

लिनक्स घालावं हे सुचायला फार हुशारी लागत नाही. सी-डॅकनं २००७ मध्येच बॉस लिनक्स काढलं होतं, केरळच्या सरकारी शाळांत तर कितीतरी वर्षं मुलं लिनक्सवरच शिकतात. अडचण वेगळी होती. आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज कोणीतरी विचारायचं, 'माझ्याकडं अमुक बोर्ड आहे, लिनक्स चालेल का?' कोणी 'चालतंय की' म्हणायचं, कोणी 'माझ्याकडं नाही चाललं बुवा' म्हणायचं. संध्याकाळपर्यंत त्यावर सुप्रभातची फुलं आणि वाढदिवसाचे केक साचायचे. पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न, तोच बोर्ड, उत्तर देणारे मात्र दुसरेच. माहिती होती, पण ती ठेवायला फळी नव्हती.

विकी ही कल्पना नेमकी अशाच गरजेतून आली आहे. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरनं २५ मार्च १९९५ रोजी पहिला विकी सुरू केला. नाव घेतलं हवाई बेटांच्या भाषेतून. होनोलुलूच्या विमानतळावर 'विकी विकी' नावाची बस धावायची, विकी म्हणजे झटपट. कोणीही पान उघडावं, तिथंच दुरुस्त करावं, आणि जुनं काय होतं तेही मागं जाऊन पाहता यावं. मराठी विकिपीडिया २००३ च्या महाराष्ट्र दिनापासून सुरू आहे, ते आपल्याला ठाऊक असतंच. पण विकी म्हणजे फक्त विकिपीडिया असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. चार माणसांचाही विकी असतो.

आम्ही डोकूविकी घेतला. त्याला वेगळा डेटाबेस लागत नाही. प्रत्येक पान म्हणजे एक साधी मजकुराची फाइल. सगळा विकी एका फोल्डरमध्ये मावतो आणि पेनड्राइव्हवर घालून एसटीनं दुसऱ्या गावी नेता येतो. इंटरनेट नसलेल्या शाळेसाठी ही केवढी सोय आहे हे शहरातल्या लोकांना पटकन कळत नाही.

आता मुख्य गोष्ट. 'या मदरबोर्डवर लिनक्स चालतं का' हा प्रश्नच मुळात अर्धवट आहे. मदरबोर्ड ही एक वस्तू नाही, ती वस्ती आहे. चिपसेट एकाचा, लॅनची चिप दुसऱ्याची, आवाजाची तिसऱ्याची, तापमान आणि पंख्याचा वेग मोजणारी चौथ्याची. लिनक्समध्ये यातल्या बहुतेकांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात, विंडोजसारखी बोर्डाची सीडी शोधावी लागत नाही. पण एखाद्या चिपचा ड्रायव्हर नसला किंवा अर्धा असला, तर बाकी सगळं सुरळीत असून मशीन लंगडतं. आवाज नसलेला संगणक भाषेच्या शिक्षकाला चालत नाही, गणिताच्या शिक्षकाला चालतो. मग 'चालतं' म्हणजे नक्की काय?

यावर आमचा पहिला मोठा वाद झाला. आयटीआयमधून निवृत्त झालेले एक निदेशक सर आमच्यात आहेत. त्यांचं म्हणणं, रकाना एकच ठेवा, हो किंवा नाही, लोकांना तेवढंच हवं असतं. मी म्हटलं, सर, 'हो' वाचून एखाद्या शाळेनं मशीन ठेवलं आणि प्रोजेक्टरला चित्रच नीट आलं नाही, तर पुढच्या वेळी आपल्या विकीकडं कोणी बघणार नाही. तीन दिवस चालला हा वाद. शेवटी ठरलं की 'चालतं' हा शब्द विकीत लिहायचाच नाही. काय जोडलं, काय दिसलं, तेवढंच लिहायचं. लॅनची वायर लावल्यावर नेट आलं का. मागच्या जॅकमधून आवाज आला का, पुढच्या जॅकमधून आला का (हे दोन वेगळे प्रश्न आहेत, विश्वास ठेवा). प्रोजेक्टर लावल्यावर किती रिझोल्यूशन मिळालं. झोपवलेलं मशीन परत उठलं का. आणि हे सगळं कोणत्या कर्नलवर, कोणत्या तारखेला. तारीख नसलेली नोंद आम्ही घेत नाही. लिनक्स दर दोन-अडीच महिन्यांनी बदलतं, त्यामुळं २०१५ सालचं 'नाही' आज 'हो' असू शकतं. उलटही होतं. लिनस टॉरवल्ड्सनं १९९१ मध्ये लिनक्स लिहिलं ते ३८६ प्रोसेसरच्या मशीनवर, आणि त्याच ३८६ चा आधार २०१३ मध्ये आलेल्या ३.८ या कर्नलमधून काढून टाकला गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटच्या जुन्या पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. आमच्या बाजूला मात्र असा समज की दोन जीबी रॅम म्हणजे मशीन ३२ बिटचंच. प्रत्यक्षात कोअर टू ड्युओ ६४ बिटचाच आहे. ही एक ओळ विकीवर लिहिल्यावर तीन शाळांची मशीन यादीतून वाचली.

दुसरा पेच नावाचा. बोर्डावर छापलेलं नाव सारखं, पण कोपऱ्यात बारीक अक्षरात आवृत्ती वेगळी, १.० किंवा २.०. त्या एका आकड्यामागं लॅनची किंवा आवाजाची चिपच बदललेली असू शकते. हे मला ठाऊक होतं ते पुस्तकी. आमच्या नववीतल्या एका मुलीनं ते दाखवून दिलं. तिनं दोन शेजारच्या मशीनचे मोबाईलनं फोटो काढले, मोठे करून बघितले आणि म्हणाली, "बाई, ही जुळी नाहीत, सख्खी बहिणी आहेत." तेव्हापासून विकीत प्रत्येक आवृत्तीचं पान वेगळं, आणि ज्या पानावर आवृत्तीचा फोटो नाही त्याच्या डोक्यावर पिवळी पट्टी.

बोर्ड उघडायला प्रत्येक वेळी स्क्रू-ड्रायव्हर लागतोच असं नाही. पेनड्राइव्हवरून लिनक्स लाइव्ह सुरू करायचं, हार्ड डिस्कला हात लावायचा नाही, आणि टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय' ही आज्ञा 'एनएनके' या पर्यायासह द्यायची. प्रत्येक चिपचा कंपनी-क्रमांक, वस्तू-क्रमांक आणि कोणता ड्रायव्हर तिला सांभाळतोय हे समोर येतं. १०ईसी म्हणजे रिअलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल. हा ८०८६ क्रमांक इंटेलच्या १९७८ च्या प्रोसेसरचं नाव आहे हे सांगितलं की मुलांना भारी मजा वाटते. बोर्डाचं नाव आणि आवृत्ती सिस्टीमच्याच एका फोल्डरमधल्या फाइलींत वाचता येते, पण काही स्वस्त बोर्डांत तिथं कंपनीनं काहीच भरलेलं नसतं, 'इथं नाव भरा' अशा अर्थाचा मूळ मजकूर तसाच राहिलेला असतो. मग स्क्रू-ड्रायव्हर आलाच.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. याच मार्गानं मशीनचा अनुक्रमांकही दिसतो, आणि दुसऱ्या एका आज्ञेनं लॅन कार्डाचा स्वतःचा पत्ता. ते जगाला दाखवायची गरज नाही. मुलांना आधी ते पुसायला शिकवलं. सायबर सुरक्षेचा धडा मी दरवर्षी घेते, पण तो मुलांच्या डोक्यात शिरला तो या वेळी.

आता सगळ्यात उपयोगाची ठरलेली पानं सांगते. आपल्याकडच्या शाळांत इंटेलच्या जी४१ चिपसेटचे बोर्ड अजून पुष्कळ आहेत. त्यातले काही डीडीआर२ रॅमचे, काही डीडीआर३ चे. लिनक्स त्यांवर व्यवस्थित चढतं, पण दोन जीबीवर ब्राउझर उघडला की मशीन धापा टाकतं. मग शाळा काय करते, चार जीबीची डीडीआर३ पट्टी मागवते. पट्टी लावली की कधी मशीन चालूच होत नाही, कधी अर्धीच मेमरी दिसते. सगळे म्हणतात बोर्ड गेला. बोर्ड गेलेला नसतो. जी४१ ला चार जीबीची तीच पट्टी समजते जिच्यावर १६ चिप असतात, दोन्ही बाजूंना आठ-आठ. नव्या पट्ट्यांवर एकूण आठच चिप असतात, प्रत्येकीची क्षमता दुप्पट, आणि ती घनता या चिपसेटला वाचता येत नाही. दुकानात जाताना चिप मोजायच्या, बस. हे वाक्य विकीत ठळक अक्षरात आहे.

दुसरं पान मदरबोर्डावरच्या सेलचं. २०३२ नंबरचा, तीन व्होल्टचा, रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा. तो मेला की संगणक वीज गेल्यावर तारीख विसरतो आणि कितीतरी वर्षं मागं जातो. मग ब्राउझर म्हणतो, ही साइट सुरक्षित नाही, कारण साइटच्या प्रमाणपत्राची मुदत त्याच्या हिशेबानं अजून सुरूच झालेली नसते. लिनक्सचे अपडेटही त्याच कारणानं नाकारले जातात. एका शाळेत 'लिनक्सवर इंटरनेट चालत नाही' असा शेराच नोंदवहीत पडला होता. सेल बदलला, तारीख लावली, नेट आलं. लिनक्सचा त्यात काडीचा संबंध नव्हता. म्हणून आता नोंदीच्या पहिल्याच ओळीत विचारतो, मशीनची तारीख बरोबर आहे का.

आणि एक रकाना खास आमचा. वीज जाऊन परत आली की बोर्ड आपोआप सुरू होतो का, आणि बायोसमध्ये ती सोय कोणत्या नावानं आहे? पुण्या-मुंबईच्या माणसाला हा प्रश्न सुचणार नाही. आमच्याकडं दिवसातून चारदा तो पडतो. विकी ज्या मशीनवर ठेवलाय तो एच६१ चिपसेटचा बोर्ड आहे, आणि त्याची निवड फक्त या एका गुणावर झाली.

लिनक्सच्या जगात असं काम आधी झालेलं नाही असं नाही. १९९० च्या दशकातच 'हार्डवेअर कंपॅटिबिलिटी हाऊटू' नावाचा मोठा दस्तऐवज होता, लोक ईमेलनं भर घालत. आज लिनक्स-हार्डवेअर नावाच्या प्रकल्पात जगभरातले लोक एका छोट्या प्रोग्रामनं आपल्या मशीनची माहिती पाठवतात आणि ओळख पटवणारे आकडे तो प्रोग्राम आपोआप झाकतो. मग आमचा खटाटोप कशाला, असं एका तरुण सरांनी विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. आम्ही आमची माहिती तिकडंही पाठवतो. पण तिथं ड्रायव्हर सापडला की नाही हे कळतं, चिप मोजून पट्टी घ्या हे कळत नाही, आणि जे कळतं ते इंग्रजीत. आमच्या विकीचा वाचक म्हणजे एक शिक्षक, एक शिपाई मामा आणि एक चुणचुणीत पोरगं, तिघं मशीनभोवती उभे. त्यांना वाचता यायला हवं.

मराठीचं म्हणाल तर सुरुवातीला आम्ही फार शुद्ध व्हायला गेलो. रकान्याला 'चालक' नाव दिलं. आमच्या मामांनी विचारलं, "बाई, संगणकाला चालक कशाला, त्याला काय सहलीला न्यायचाय का?" दुसऱ्या दिवशी 'ड्रायव्हर' झाला. 'जोडणी', 'आवाज', 'पडदा' हे शब्द मात्र टिकले, कारण ते बोलताना कोणी अडखळत नाही.

लिहायचं कोणी, हा खरा चिवट प्रश्न. शिक्षक वाचतात, फोन करून विचारतात, लिहीत नाहीत. 'तुम्हीच टाका हो बाई' हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! मुलं लिहितात. चुकतात, पण मागं जाऊन दुरुस्त करता येतं म्हणून बिनधास्त लिहितात. आणि ज्यांना सगळ्यात जास्त येतं ते तालुक्याच्या गावातले दुरुस्तीवाले दादा. २० वर्षं बोर्ड हाताळलेला माणूस. फुगलेला कपॅसिटर दुरूनच ओळखतो. दादांनी स्पष्ट विचारलं, "बाई, सगळं तुम्ही लिहून टाकलं तर माझ्या दुकानात कोण येणार?"

याचं सोपं उत्तर माझ्याकडं नव्हतं. ज्ञान वाटल्यानं वाढतं वगैरे सुविचार फळ्यावर ठीक आहेत, दुकानाचं भाडं त्यातून निघत नाही. आम्ही त्यांना एवढंच म्हटलं, तुमचं सोल्डरिंगचं काम आम्ही विकीत शिकवणार नाही, आणि ज्या पानावर तुमचा सल्ला असेल तिथं 'माहिती: दुरुस्तीवाले दादा' असं लिहू. दादांनी महिनाभर काही कळवलं नाही. मग एक दिवस त्यांच्या मुलाच्या फोनवरून एका बोर्डाचा फोटो आला, खाली आवाजात संदेश, 'याच्या बायोसमध्ये यूएसबी-एचडीडी निवडल्याशिवाय पेनड्राइव्ह घेत नाही, लिहा.' आता त्यांच्या नावावर २२ नोंदी आहेत. फुगलेल्या कपॅसिटरचे बोर्डही त्यांच्याकडंच जातात, कारण विकीतच तसं लिहिलंय.

उलट अनुभवही आला. जुने संगणक विकणाऱ्या एका व्यापाऱ्यानं त्याच्याकडच्या बोर्डाच्या पानावर भरघोस स्तुती लिहिली, आणि झोपवलेलं मशीन उठत नाही ही ओळ काढून टाकली. इतिहासात बघून आम्ही पान पूर्ववत केलं, पण भांडण न करता. नियम एकच लावला, ज्या दाव्यासोबत आज्ञेचं उत्तर किंवा फोटो नाही तो पानावर राहत नाही. हा नियम व्यापाऱ्यालाही आणि मुख्याध्यापकांनाही.

डिसेंबरमध्ये निर्लेखन समितीची बैठक झाली तेव्हा आमच्या मुख्याध्यापक सरांनी विकीतली ११ पानं छापून नेली. प्रत्येक मशीनपुढं काय जोडून पाहिलं, कधी पाहिलं, कोणी पाहिलं. आठ मशीन ठेवायची ठरली. दोनांचे बोर्ड खरोखरच गेलेले होते, ते भंगारात गेले, मात्र त्यांची रॅम आणि वीजपुरवठ्याचे डबे काढून घेतल्यावर. अकरावं मशीन लटकलंय. त्याच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर अर्धाच आहे, पडद्यावर अक्षरं दिसतात पण व्हिडिओ लावला की चित्र तुटतं. समितीत कोणी म्हणालं काढा. सहावीच्या बाई म्हणाल्या, मला टायपिंगला द्या, इनस्क्रिप्ट शिकायला व्हिडिओ कशाला लागतो? सध्या ते त्यांच्या वर्गाच्या कोपऱ्यात आहे, आणि पानावर त्यांनी स्वतःच्या हातानं पहिली नोंद केली आहे.

विकीत आज ६३ बोर्ड आहेत. त्यातल्या १४ पानांवर पिवळी पट्टी आहे, म्हणजे आवृत्तीचा फोटो हवा आहे. यातले बरेच जी३१ आणि एच६१ चे आहेत, जे तुमच्याही शाळेत असण्याची दाट शक्यता आहे. मशीन बंद करा, वायर काढा, बाजूचा पत्रा उघडा (बहुतेक डब्यांत पुढून बघताना डावीकडचा), मऊ ब्रशनं धूळ झटका आणि कोपऱ्यातलं बारीक अक्षर दिसेल असा फोटो काढा. एक बोर्ड असाही आहे ज्यावर ना कंपनीचं नाव, ना आवृत्ती, नुसता एक आकडा आणि हत्तीसारखं दिसणारं चिन्ह. दादांनाही तो ओळखता आला नाही. मुलांनी त्याच्या पानाला 'हत्ती' हेच नाव दिलंय. कोणाला ओळख पटली तर ते नाव बदलून टाका.